लॅपटॉप उघडत नाही म्हणालास, म्हणून

पंचवटी, नाशिक
रविवार दुपार

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज रात्री वाचला. तीन ओळींत दोन शिव्या, म्हणजे प्रकरण गंभीर. फोनवर सांगितलं असतं, पण तू ऐकता ऐकताच बटणं दाबायला लागतोस. म्हणून लिहून पाठवतोय.

आधी तुझं काम. मोबाईलवरून कंपनीच्या पोर्टलवर पासवर्ड बदललास, मेल उघडतो, लॅपटॉप मात्र ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणतो. अरे, त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नाहीये! ऑफिसात असताना विंडोज कंपनीच्या सर्व्हरला विचारून तुला आत घेतं. घरी व्हीपीएन (घरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) जोडेपर्यंत सर्व्हर दिसतच नाही. मग मागच्या खेपेची जी खूण त्याने जपून ठेवलेली असते, तिच्याशी ते ताडून बघतं. ती खूण जुन्या पासवर्डची. तेव्हा जुनाच टाकून आत जा, व्हीपीएन जोड (तिथे नवा लागेल), ते चालू ठेवूनच विंडोजची कळ आणि एल दाबून स्क्रीन लॉक कर आणि नव्या पासवर्डने उघड. सर्व्हर गाठला की खूणही बदलते. पुढच्या वेळी व्हीपीएन जोडलेलं असताना कंट्रोल-आल्ट-डिलीटमधून बदल, म्हणजे ही भानगडच नको.

जुना पासवर्ड आठवतच नसेल, तर लॉगिनच्या स्क्रीनवरून व्हीपीएन जोडायची सोय आहे का ते हेल्पडेस्कला विचार. नसेल तर बहुतेक लॅपटॉप काखेत मारून ऑफिस गाठावं लागेल. आणि हो, विचारताना पासवर्ड कुणालाही सांगू नकोस. खरा हेल्पडेस्कवाला तो मागत नाही, आम्हा हेल्पडेस्कवाल्यांना तो लागतच नाही.

मार्च २०२० मध्ये सगळे रातोरात घरी बसले तेव्हापासून मी हेच फोन घेतोय. माणसं आधी माफी मागतात, ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ म्हणतात. मला याचा राग येतो. यंत्रणा बांधली ऑफिसातल्या टेबलासाठी, आणि ती घरी चालत नाही म्हणून ओशाळायचं घरच्या माणसाने? परवा सिन्नरहून एकीचा फोन. लॅपटॉप उघडतो, पण शेअर ड्राइव्ह (सर्व्हरवरचं सगळ्यांच्या फायलींचं कपाट) काही केल्या उघडेना. पाऊण तास डोकं खाजवल्यावर लक्ष गेलं कोपऱ्यातल्या घड्याळाकडे. वीस मिनिटं मागे! सर्व्हरच्या आणि आपल्या वेळेत साधारण पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की तो ओळख नाकारतो. त्या बाईंनी तोवर तीनदा ‘सॉरी’ म्हटलं होतं.

आता हसू नकोस. गेल्या महिन्यात माझंच खातं लॉक व्हायला लागलं. दुसऱ्यांची कुलपं उघडणारा मी, आणि पुण्याच्या सहकाऱ्याला रोज विनवतोय, बाबा रे, माझं उघड. आमच्याकडे पाचदा चुकीचा पासवर्ड गेला की खातं अर्धा तास बंद. मी तर टाइपही केलं नव्हतं. आधी वाटलं, कुणीतरी खात्याच्या मागे लागलंय. सर्व्हरच्या नोंदींत ४७४० क्रमांकाची नोंद काढली. लॉक कुठून झालं ते तिथे दिसतं. आमच्याच मेल सर्व्हरचं नाव! म्हणजे मेल तपासणारं काहीतरी जुन्या पासवर्डने दार ठोठावतंय. लॅपटॉप, मोबाईल, टॅब, सगळं पालथं घातलं. काही नाही.

शेवटी लॉक झाल्याच्या वेळा कागदावर मांडल्या. दिवसभर रांगेने, पण सकाळी सहा ते आठ एकदाही नाही. बायकोने कागदाकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, “आबा रामकुंडावर जातात तेव्हा होत नाही होय.”

माझा जुना फोन! दिवाळीत आबांना अभंग ऐकायला दिला होता. सिम नाही, फक्त घरचं वायफाय. ते खिशात फोन टाकून गोदाघाटावर जायचे तेव्हाच माझं खातं सुखात असायचं. मेलचं ॲप काढायचं राहिलं होतं, तेच हे उद्योग करत होतं. मग इतके महिने गप्प कसं? तर आधीच्या दोन पासवर्डांपैकी एखादा परत आला तर सर्व्हर ती चूक धरत नाही, त्याहून जुना आला की मोजायला लागतो. मधे मी दोनदा बदलला होता. तिसऱ्यांदा बदलला आणि पाप भरलं.

ॲप काढून टाकलं. आबांना कारण सांगितलं तर म्हणाले, “पण माझे अभंग राहिले ना त्यात?” राहिलेत.

तुझ्याकडेही असा एखादा फोन कपाटात पडलाय का बघ. वहिनींना नमस्कार. लॅपटॉप उघडला की कळव, नाही उघडला तर रात्री नऊनंतर फोन कर. आणि या खेपेला मी सांगेपर्यंत बटणं दाबू नकोस.

तुझा,
बंड्या