साने गुरुजी जयंती : मुलांच्या पुस्तकांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

24 डिसेंबरला गुरुजींची जयंती. हातात अकरा दिवस आहेत आणि मंडळाच्या खात्यात साडेचार हजार रुपये. तेव्हा आढेवेढे न घेता लिहिते.

गुरुजी मूळचे पालगडचे, मास्तरकी केली अमळनेरला. पण ‘श्यामची आई’ लिहिली आपल्या नाशिकच्या तुरुंगात. 9 फेब्रुवारी 1933 ला लिहायला घेतली आणि 13 तारखेच्या पहाटे हातावेगळी केली. जेलरोडवरून रोज शाळेत येणाऱ्या आपल्या पोरांना याचा पत्ताच नव्हता. पहिल्या वर्षी तिसरीच्या वर्गात हे सांगितलं, तर एकाने हात वर करून विचारलं, “बाई, मग त्यांनी काय चोरलं होतं?” त्या प्रश्नातून मुलांच्या पुस्तकांचा हा उपक्रम सुरू झाला. यंदा सातवं वर्ष.

तो चालला तो माणसांच्या जिवावर. देवळालीगावच्या आजींनी आपल्या पेन्शनमधून लोखंडी कपाट घेऊन दिलं. स्वतः टेम्पोत पुढे बसून आल्या होत्या, कपाटाला ओरखडा पडू नये म्हणून. प्रेसमधून रिटायर झालेले आपले काका दर दिवाळीच्या सुट्टीत फाटकी पुस्तकं घरी नेतात, खळ लावून, पुठ्ठे घालून परत आणतात. एक पैसा घेत नाहीत, चहासुद्धा बिनसाखरेचा. निफाडच्या आपल्या माजी विद्यार्थ्याने गारपिटीत द्राक्षबाग झोपली त्या वर्षीही शंभर पुस्तकांचे पैसे पाठवले, वर “उशीर झाला, माफ करा” अशी चिठ्ठी. यांचे ऋण कसे फेडणार?

आणि आता थोडं कडू. गेल्या वर्षीचं आवाहन ग्रुपवर एकशे साठ जणांनी पाहिलं. अंगठे आले नव्वद, देणग्या आल्या सात. त्याच आठवड्यात एका मिरवणुकीच्या डीजेची वर्गणी दोन संध्याकाळांत जमली. त्या वर्गणीत मीही दिले, म्हणून तक्रार करत नाही. पण लागलं.

यंदा मुलं पोहण्याचा प्रसंग करून दाखवणार आहेत. पाण्याला भिऊन लपलेला श्याम मुख्याध्यापकांच्या टेबलाखाली बसतो आणि चौथीतली आई आजीचं नऊवारी सावरत शिंपटी घेऊन येते. तालमीत ती मारता मारता स्वतःच रडली. पुढचं वाक्य कुणालाच बोलता येईना. अशा मुलांच्या हातात त्या दिवशी पुस्तक नको का द्यायला? कपाटातली काही पुस्तकं पावसाळ्यात वाळवीने खाल्ली, तेव्हा नवी घ्यावीच लागणार.

मुलं 184. प्रत्येकी एक पुस्तक, शिवाय माईक, दिंडीची फुलं आणि खाऊ मिळून सव्वीस हजारांचा अंदाज आहे. रोख रक्कम शाळेच्या ऑफिसात सकाळी 8 ते 11, पावती मागून घ्यावी. ऑनलाइनवाल्यांसाठी क्यूआर कोड फाटकाशेजारच्या फळ्यावर. जुनी पुस्तकं चालतील, मात्र गाईड आणि अपेक्षित नकोत. पुस्तकांची ऑर्डर 18 तारखेला द्यायची आहे, त्याआधी पैसे हवेत. दिंडी सकाळी 9 ला. पालखी उचलायला चार बाप्ये लागतील, त्यांनी नावं आजच कळवावीत.

आपली,
चिटणीस