वागळे इस्टेटातल्या काकांना, त्या चार बोटं पाईपसाठी

काका, नमस्कार.

तो पाईपचा तुकडा मी फेकलेला नाही. धुऊन, वाळवून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. वाळल्यावर तो आकसला. आता इतका गरीब दिसतो, की याच्यापायी तीन महिने आणि अडतीस हजार रुपये गेले हे सांगून कोणाला पटत नाही. गाडीच्या पेट्रोलच्या टाकीतून काढला तेव्हा मात्र ओल्या बोंबलासारखा लिबलिबीत होता. तुम्ही दोन बोटांत धरून हलवलात आणि म्हणालात, "घे. हा तुझा टर्बो."

तुमचं नाव लिहायचं नाही, ही तुमचीच अट. "नाव टाकलंस तर उद्या गल्लीत फाटक्या सायलेन्सरची रांग लागेल." म्हणून नाव नाही, रोड नंबरही नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. तुमच्यासमोर मानायला गेले तेव्हा तुम्ही रेडिओचा आवाज वाढवलात.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझी गाडी लिनिया टी-जेट, रांजणगावच्या कारखान्यातली, १.४ लिटर टर्बो पेट्रोल, मुळात ११४ पीएसची. माझ्याकडे आली तेव्हाच तिच्यात बरंच काही केलेलं होतं आणि उरलेलं मी केलं. नवा मॅप (किती पेट्रोल सोडायचं याचा इंजिनच्या कॉम्प्युटरमधला हिशेब), पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, टाकीत ताशी २५५ लिटरचा पंप, बॉनेटखाली पेट्रोलचा दाब राखणारा वेगळा रेग्युलेटर, तिथून टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाईन. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा ढकलतो तो जादा दाब, १.२ बार. एरवी गाडी शहाण्यासारखी चालायची. पण घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुलावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की साडेतीन हजार आरपीएमपर्यंत सुसाट आणि पुढे एकदम मागून कोणी पदर धरून ओढल्यासारखी. वाइडबँड मीटरवरचा आकडा (पेट्रोलच्या एका भागामागे हवेचे किती भाग) ११.८ वरून १४ च्या वर. साध्या चालीत १४ ठीक आहे. पूर्ण बूस्टमध्ये १४ म्हणजे हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरं. पिस्टन तापतो, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) सुरू होतं, आणि मग एखाद्या दिवशी पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटून हातात येते.

ज्या गॅरेजने मोठा पंप बसवला होता तिथेच आधी नेली. प्लग बदलले, कॉइल बदलली, बूस्ट सेन्सर बदलला, इंजेक्टर साफ केले आणि शेवटी पंपही पुन्हा नवा टाकला. दर खेपेला "ताई, घरचं कोणी येणार आहे का घ्यायला?" हे होतंच. सगळं संपल्यावर निदान आलं, "ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे होतंय, सगळ्यांचंच होतंय."

तुमच्याकडे मी खरं तर हॉर्नसाठी आले होते. हॉर्नचा रिले बदलताना तुम्ही सहज विचारलंत, गाडी नवीन पंपाची दिसते, करंट कुठून घेतलाय? मी तिथेच रडगाणं सुरू केलं. तुम्ही बॉनेट उघडलं नाहीत. स्टुलावर बसून फक्त विचारत राहिलात. कोणत्या गिअरला? टाकी भरलेली असताना की अर्धी? गाडी गार असताना होतं का? वळणावर होतं की सरळ रस्त्यावर? टाकीत पेट्रोल कमी असताना वळणावर अडत असेल तर पंप हवा ओढतोय असं समजायचं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्याकडे भरल्या टाकीलाही, सरळ रस्त्यालाही व्हायचं. म्हणजे ते नाही. एक रुपया खर्च न होता एक कारण खोडलं गेलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

ई२०बद्दलचं तुमचं उत्तर तर मी पाठच केलंय. "इथेनॉल मिसळलं की पेट्रोल थोडं जास्त लागतं, बरोबर. पण रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब त्याने कमी होईल का? पेट्रोल कुठलंही असो, काटा दाबच दाखवणार. आधी काटा लावू." हिशेबही तसाच आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागाला हवा १४.७ भाग लागते, ई२०ला साधारण साडेतेरा. मॅपमध्ये आठ-नऊ टक्क्यांचा फरक करावा लागेल. पण माझ्याकडे काटाच लावलेला नव्हता. इतक्या जणांनी गाडी उघडली, दाब कोणी मोजलाच नव्हता!

तुमचा तो पितळी टी (गेज जोडायचा तीन तोंडांचा जोड) आणि काळपट डायलचा गेज. गाडी चालू, रेलमध्ये २.४ बार. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढली, ३ बार. "इथवर ठीक." मग तुम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलंत. इंजेक्टरच्या एका बाजूला पेट्रोलचा दाब, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधली हवा. दोघांत फरक कायम ३ बारचा हवा. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ओढ असते म्हणून रेलला २.४ पुरतात. १.२ बूस्ट आला की हवा उलटी ढकलते, म्हणून रेलला ४.२ लागतात. रेग्युलेटरची ती व्हॅक्यूमची नळी त्याच्यासाठीच आहे. "बूस्टमध्ये किती आहे ते कळल्याशिवाय मी पान्याला हात लावणार नाही."

इंजिन बंद केल्यावर काटा अकरा सेकंदांत शून्यावर आला. तुम्ही तेही वहीत लिहिलंत आणि काही बोलला नाहीत. माझा मात्र जीव वरखाली.

रविवारी पहाटे मुंब्रा बायपासचा चढ. गेज वायपरखाली अडकवलेला, डायल काचेकडे, त्यावर माझा मोबाईल रेकॉर्डिंगला लावलेला. तुम्ही मागच्या सीटवर, सीटखालचं झाकण उघडं, पंपाच्या वायरला टंग टेस्टर (वायर न तोडता अँपिअर मोजणारा चिमटा) लावून. साठी उलटलेला माणूस मागून ओरडतोय, "तीन सेकंद! मग पाय काढ! इंजिन जाळू नको!" ट्रकवाले बघत होते. रेलचा दाब ४.२ हवा तिथे ३.३. फरक ३ ऐवजी २.१. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं, म्हणजे सोळा टक्के कमी. ११.८ ला त्या हिशेबाने भागलं की १४.१. वाइडबँडवर नेमकं तेच होतं. मी इंजिनीअर आहे काका, ऐरोलीत बसून दिवसभर आकडेच बघते, पण असा आनंद मला ऑफिसात कधी झालेला नाही.

मग मीटर. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरवर ११.६. अडीच व्होल्ट वाटेत खाल्ले जात होते, कारण मोठा पंप बसवणाऱ्यांनी वायर मूळचीच ठेवली होती. तुम्ही बॅटरीवरून चार स्क्वेअर मिलिमीटरची नवी वायर, फ्यूज आणि रिले टाकलात, अर्थिंगचा रंग खरवडून पुन्हा घट्ट केलंत. पंपाला १३.७ मिळायला लागले. बूस्टमध्ये दाब ३.६. गाडी बरीच सुधारली. मी पर्स उघडली.

"बंद कर ती. अजून सहा पॉइंट बाकी आहेत, ४.२ ला."

इथे दुसऱ्या कोणीही मला "झालं" म्हणून घरी पाठवलं असतं, आणि मी खुशीत गेलेही असते.

तुम्ही बॉनेटखालची रिटर्नची रबरी नळी पकडीने दोन सेकंद दाबलीत. परतीची वाट बंद झाली की असा पंप काटा सहाच्या पुढे पळवतो म्हणालात. तो ३.८ वर जाऊन थांबला. म्हणजे रेग्युलेटर निर्दोष. आणि टंग टेस्टरवर अँपिअर जेमतेम हलले. तेव्हाच तुमचा चेहरा बदलला. बावीस वर्षं कारखान्यात मोटरी वाइंड करणारा माणूस अँपिअर वाचतो ते वैद्याने नाडी बघावी तसं. "फिल्टर तुंबला असता तर पंपाला जोर लावावा लागला असता, अँपिअर चढले असते. चढत नाहीत. वाट मोकळी आहे. जरा जास्तच मोकळी आहे." पेट्रोलचा वास नाही, खाली थेंब नाही. मग एवढं पेट्रोल जातंय कुठे? "टाकीतून टाकीतच."

बॅटरीची टर्मिनल काढली, अग्निशामक जवळ आणून ठेवला, सगळी शटरं उघडली, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला अर्धा तास चहाला पाठवला. मग पंप बाहेर. तळाची जाळी स्वच्छ. पंप नवा. पंपापासून टाकीच्या झाकणापर्यंतचा तो चार बोटांचा पाईप मात्र फुगलेला. मूळचा कडक प्लॅस्टिकचा पाईप कापून तिथे साधा रबरी पेट्रोल पाईप घातलेला. तो आतून पेट्रोल सोसतो, पण बाहेरूनही रात्रंदिवस पेट्रोलात बुडवून ठेवला की पाणी प्यायलेल्या पोह्यासारखा होतो. टाकीत बुडणाऱ्या पाईपवर एसएई जे३० आर१० असं छापलेलं असतं. याच्यावर काहीच छापलेलं नव्हतं. वर स्क्रूची क्लिप इतकी आवळलेली की कडेला रबर चिरलं होतं. चीर मला दिसेना.

मग तुम्ही पाईप घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलात. एक टोक बंद, दुसऱ्याला हवेची नळी, आणि पाईप त्याच्या टबात. २० पीएसआयला काही नाही. ४० ला एक बारीक माळ, मोती ओवल्यासारखी. आयडलचे २.४ बार म्हणजे साधारण पस्तीस पीएसआय, म्हणजे तेव्हा फार तर हीच माळ, एवढं पेट्रोल वाया गेलं तरी पंपाला पुरून उरतं. ६० ला चीर माशाच्या कल्ल्यासारखी उघडली आणि टबात नुसती खळबळ. टर्बोने जास्त मागावं आणि त्याच क्षणी पाईपने तोंड उघडावं! पंक्चरवाला, दोन रिक्षावाले आणि मी, चौघं वाकून बघत होतो. एक रिक्षावाला म्हणाला, "ट्यूब बदला मॅडम." अगदी बरोबर निदान.

आर१० पाईप मी दुसऱ्या दिवशी आणला, तुम्ही चारही बाजूंनी सारखी आवळणारी क्लिप लावलीत. पुन्हा बायपास, पुन्हा वायपरखाली गेज. ४.२. वाइडबँड ११.८. इंजिन बंद केल्यावर चहा संपेपर्यंत काटा जागचा हलला नाही. तेव्हा कुठे तुम्ही वही उघडलीत आणि पहिल्या दिवशीच्या "११ सेकंद" वर काट मारलीत. तुम्हाला तेव्हापासूनच संशय होता ना? विचारलं तर म्हणालात, "संशय होता. पंपाच्या व्हॉल्व्हनेही तसंच होतं. संशयावर टाकी उघडायची नसते."

बिल सतराशे रुपये. त्यात हॉर्नचा रिलेही आला. जास्त द्यायला गेले तर तुम्ही ऐकवलंत की वायरीचे आणि मजुरीचे झाले, डोक्याचे पैसे घ्यायला तुम्ही डॉक्टर नाही. हे मला पटलेलं नाही. यावर आपण भांडणार आहोत.

त्या गॅरेजला मी पाईपचा फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. असो.

तुमचा पितळी टी माझ्या डिकीत राहिलाय, स्पॅनरच्या पिशवीत सापडला. शनिवारी अकरापर्यंत घेऊन येते. आईने अळूवड्या करायला घेतल्यात, पंक्चरवाल्या भाऊंसाठी वेगळा डबा आहे, त्यांनी त्या दिवशी हवेचेही पैसे घेतले नव्हते. आणि एक काम आहे. आता आरशाची मोटर एका बाजूला अडकतेय. मी काहीही बदललेलं नाही. गाडी गार असताना होतं, दोन्ही वेळा उजव्या बाजूला, आणि कनेक्टरवर १२.३ व्होल्ट मोजून ठेवलेत.

तुमची,
लिनियावाली