लाल पेन्सिलवाल्या काकांना

तीर्थस्वरूप काका, सा. न. वि. वि.

आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. तीर्थरूप सख्ख्या आईवडिलांना, तीर्थस्वरूप त्यांच्या जागी असलेल्यांना. एका अक्षराने नातं बदलतं, हे तुम्हाला आवडेल म्हणून मुद्दाम सांगितलं.

भाषांतरं करायला लागले तेव्हा मला इंग्रजी येतं असा माझा समज होता. संगणकाने शब्दाखाली लाल रेघ ओढली नाही म्हणजे स्पेलिंग बरोबर, एवढीच माझी कसोटी. दिन आणि दीन यांत कोणी घोटाळा केला की मी नाक मुरडायचे, आणि इंग्रजीत तोच घोटाळा स्वतः बिनदिक्कत करत होते. माझा पहिला मसुदा तुमच्याकडे तपासायला आला तो कर्जाच्या कराराचा. मुद्दल या अर्थी लिहिलेल्या 'प्रिन्सिपल'च्या शेवटी पी-ए-एल हवं होतं, मी पी-एल-ई लिहिलं होतं. तुम्ही दुरुस्ती केलीच नाहीत. शब्दाला गोल करून समासात लिहिलंत, 'कर्जदाराने व्याजासह तत्त्व परत करायचं? मग पैसे कोण देणार?'

मला राग आला होता, आज कबूल करते.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एका अहवालात 'कर्मचाऱ्यांचे नीतिधैर्य खालावले आहे' असं वाक्य होतं. 'नीति' दिसली आणि माझा हात 'मोरल्स'कडे गेला. हवा होता शेवटी ई असलेला 'मोराल', म्हणजे उमेद, मनोबल. मी लिहिलेल्या वाक्याचा अर्थ होत होता की ती सगळी माणसं नीतिभ्रष्ट झाली आहेत. तो कागद तसाच पुढे गेला असता तर? तुम्ही मला बोलावून घेतलंत आणि म्हणालात, इथे मराठीनेच तुला फसवलं. तेव्हापासून असं वाक्य आलं की मी आधी मनात 'मनोधैर्य' म्हणून बघते आणि मगच इंग्रजीकडे वळते.

स्पेलिंग लक्षात ठेवायच्या युक्त्या मला पाठ होत्या. एन्व्हलपमधला ई तो कागद-पाकिटांच्या स्टेशनरीतला, वगैरे. तुम्हाला त्या पोरकट वाटायच्या. त्याऐवजी तुम्ही गोष्ट सांगितलीत: मध्ययुगात बहुतेक विक्रेते गावोगाव फिरायचे, पण विद्यापीठांजवळचे पुस्तकविक्रेते एका जागी ठाण मांडून बसत, म्हणून ते 'स्टेशनर'. लंडनमधल्या त्यांच्या संघाला 1557मध्ये राजसनदही मिळाली. म्हणजे स्थिर या अर्थाचा, ए वाला 'स्टेशनरी' आणि वह्या-कागदांचा ई वाला 'स्टेशनरी' मुळात एकाच घरातले. मुद्दल आणि तत्त्वही तसेच, दोघांच्या मुळाशी 'पहिला' या अर्थाचा लॅटिन शब्द. फूल आणि पीठ यांचे इंग्रजी शब्द, 'फ्लॉवर' आणि 'फ्लार', तर एकच होते. धान्याचा उत्तम, बारीक भाग म्हणजे त्याचं 'फूल'. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755च्या गाजलेल्या इंग्रजी शब्दकोशातही त्यांची वाटणी झालेली नाही. हे ऐकल्यावर माझी लाज निम्मी कमी झाली.

एका बाबतीत मात्र तुमचं पटलं नाही, अजूनही पटत नाही. 'अफेक्ट' क्रियापद, 'इफेक्ट' नाम, ही युक्ती मी सोडलेली नाही. दहापैकी नऊ वेळा ती तारून नेते. दहाव्या वेळी तुमचं बोट आठवतं. इफेक्ट क्रियापद म्हणून आला की अर्थ 'घडवून आणणे'. बदल 'इफेक्ट' करणारा तो बदल घडवतो, 'अफेक्ट' करणारा चालू बदलावर परिणाम करतो, कदाचित त्यात खोडाही घालतो. करारात या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. उलट 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' दिसायला एकमेकांचे वैरी, आणि दोन्हींचा अर्थ पेट घेणारं! तिथला 'इन' नकाराचा नाहीच. गैरसमजाने कोणाचा जीव जाऊ नये म्हणून आगीपासून बचावाचं काम करणाऱ्यांनी आखूड शब्दाचा आग्रह धरला, हे मला तुमच्याकडूनच कळलं.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण तुमच्या समासातल्या प्रश्नांवर माझ्यासारखे कितीतरी जण शिकले आणि तुमचं नाव एकाही पुस्तकावर छापलेलं नाही.

शेवटचं एक. आकडेवारीवरच्या त्या लेखात मी 'डिस्क्रीट' टी-ई ने संपवला होता, सुटं-सुटं या अर्थाने. तुम्ही गोल केलंत, बहुधा डबल ई वाला, गाजावाजा न करणारा, जपून बोलणारा 'डिस्क्रीट' मनात धरून. दुसऱ्या दिवशी कागद परत आला तेव्हा गोल खोडरबराने पुसलेला होता आणि बाजूला बारीक अक्षरात 'तुझंच बरोबर' असं लिहिलं होतं. पुसलेल्या गोलाचा फिकट लाल डाग अजून दिसतो. तो कागद मी जपून ठेवला आहे.

तुमची,
जिच्या मसुद्यांनी तुमच्या बऱ्याच पेन्सिली संपवल्या ती