अव्यासाठी, दिवाळीआधी

विश्रामबाग, सांगली
रविवार

प्रिय अव्या,

खुशालीचं सगळं फोनवर बोलून झालंय, त्यामुळं थेट मुद्द्याला येतो. परवा तू म्हणालास, "दिवाळीत घरी येतोय, काहीतरी बघण्यासारखं सांग, पण झोप आणणारं नको." आणि त्याच दमात म्हणालास की 'द डिसायपल' वीस मिनिटांत बंद केला. फोनवर नीट भांडता येत नाही, म्हणून पत्र.

मर्दा, मिरजेत वाढलेल्या माणसानं तो पिक्चर अर्धवट सोडावा? सतारमेकर गल्लीतनं आपण सायकली हाणत जायचो तेव्हा दारात भोपळे ठेवलेले असायचे आणि आत कुणीतरी कान लावून तारा जुळवत बसलेला असायचा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा पहिलं स्टेटस तुझंच होतं. या पिक्चरातला शरद सुरुवातीला काय करतो? गुरुजींच्या मागं बसून तानपुरा छेडतो. मागं बसलेला माणूस पुढं कधी येणार, आणि आला तर काय, एवढीच गोष्ट आहे.

दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेनं यात गाणारी माणसंच घेतलीत. शरद झालेला आदित्य मोडक स्वतः गायक, गुरुजी झालेले अरुण द्रविड किशोरीताई आमोणकरांचे शिष्य. त्यामुळं तान घेताना खोटा हात हलत नाही, आणि सूर लागला नाही तर ते चेहऱ्यावर आधी दिसतं. शरद रात्री रिकाम्या मुंबईतनं मोटारसायकल चालवतो आणि कानात माईंची, म्हणजे गुरुजींच्या गुरूंची, जुनी व्याख्यानं चालू असतात. माई दिसत नाहीत, फक्त आवाज, आणि तो सुमित्रा भावे यांचा. गाडी मुद्दाम संथ केलीय. तुला झोप तिथंच आली असणार! पण ऐक नीट. माई जे मागतात ते देणं माणसाला जमण्यासारखं आहे का, हा प्रश्न त्या संथपणात वाढत जातो. रियाज केला की सूर येतो, असं आपल्या घराघरांत सांगतात. समजा नाही आला, तर? गाण्यावरच्या बाकीच्या पिक्चरांत शेवटच्या मैफलीत टाळ्या ठरलेल्या असतात. इथं एक जाणकार संग्राहक भेटतो आणि शरदची दैवतं एकेक करून खाली उतरवतो. तो खरं बोलतोय की जळतोय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. 2020 ला व्हेनिसमध्ये पटकथेचं बक्षीस मिळालं म्हणून बघ, असं म्हणत नाही. रात्री, हेडफोन लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघ आणि मग शिव्या दे.

ताम्हाणेचाच आधीचा 'कोर्ट' तू पाहिलायस, पण दिवाळीत पुन्हा बघ, या वेळी फक्त सरकारी वकील बाईंसाठी. गीतांजली कुलकर्णी कोर्टात शाहिराला आत डांबून ठेवायला कलमं वाचतात, मग लोकलनं घरी जातात, पोराला आणतात, स्वयंपाक करतात. बाई वाईट नाही, हाच त्यातला खरा धाक. सुट्टीच्या दिवशी सगळं कुटुंब नाटकाला जातं आणि परप्रांतीयाच्या टिंगलीवर सगळं थिएटर हसतं. 1843 मध्ये 'सीतास्वयंवर', मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक, झालं ते आपल्या सांगलीत. तेव्हा असल्या हशाची जात आपल्याला तरी ओळखता यायला पाहिजे.

आता घरच्यांबरोबर काय बघायचं. 'पंचायत'चा पहिला सीझन, डोळे झाकून. सचिव नवी फिरती खुर्ची आणतो आणि त्या खुर्चीवरनं अख्खा एपिसोड रंगतो. काका तर लोळतील, कारण प्रधान नीना गुप्ता आणि कारभार रघुवीर यादवांचा, हे आपल्याकडं समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रह्लादचा भाग येतो, तिथं रुमाल जवळ ठेव. पुढं मात्र आमदार, गोळीबार, निवडणूक असं सुरू झालं आणि गाव मागं पडलं. चौथा सीझन मी सवयीनं संपवला. गावातली भांडणं खुर्चीएवढीच लहान राहिली असती तर अजून दहा सीझन बघितले असते.

काकूंसाठी 'लापता लेडीज'. गोष्टीत काय होणार ते निम्म्यात कळतं, त्याचं काही वाटत नाही. स्टेशनवर टपरी चालवणारी छाया कदमची मंजू माई पडद्यावर आली की बाकीचे फिके पडतात. मला तिचा वेगळा पिक्चर हवा होता.

मराठीत नवीन म्हणशील तर 'दशावतार'. ऐंशी ओलांडलेले प्रभावळकर रंग लावून उभे राहतात तेव्हा अंगावर काटा येतो. पिक्चर मात्र पहिल्या अर्ध्यात जेवढा मुरलेला आहे तेवढा नंतर राहत नाही. संगीत कानाशी येऊन ओरडायला लागतं. तरीही त्यांच्यासाठी बघच.

आणि 'वाळवी' राहिलाय ना तुझा? परेश मोकाशीचा. खुनाचा पक्का बेत आखतात आणि तो कसा फसत जातो, एवढंच सांगतो. ट्रेलरसुद्धा बघू नकोस, आणि तुझ्या बायकोला आधी विचारू नकोस, तिनं पाहिलाय आणि ती शेवट फोडते.

त्या कोरियन मालिकेची लिंक परत पाठवू नकोस. सोळा भाग, आणि पहिल्या चारात नायक नुसता पावसात उभा. त्यापेक्षा तिकडं बंगळुरात काही चांगलं कन्नड लागलं असेल तर नावं कळव, सबटायटल आहेत की नाही तेही लिही. येताना हार्ड डिस्क आण, माझ्याकडं जुनी मराठी नाटकं बरीच जमलीत.

तुझाच,
पम्या

ता. क. काकांना 'वाळवी' दाखवू नकोस. मध्येच उठून "आता हा असं करणार बघ" म्हणतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात.