एडिटिंगसाठी घेतलेल्या संगणकात न विचारता बदललेल्या प्रोसेसरबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग, पुणे

विषय: कोटेशनमध्ये एक प्रोसेसर लिहून प्रत्यक्षात दुसरा बसवल्याबद्दल, व तो बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

मी सांगलीत राहतो. लग्नसमारंभांचे चित्रीकरण आणि एडिटिंग यावरच माझे घर चालते. आपल्या पुण्यातील दुकानातून मी सुमारे पावणेदोन लाख रुपये मोजून खास एडिटिंगसाठी संगणक असेंबल करून घेतला. संगणक चालू होतो, विंडोज झटकन उघडते. पण ज्या कामासाठी घेतला ते काम त्यावर होत नाही, आणि त्याला कारण आपल्याकडून परस्पर झालेला एक बदल आहे. फोनवर कोणी पूर्ण ऐकून घेतले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ऑर्डर देण्याआधी मी आपल्या विक्री प्रतिनिधींना व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे लिहून कळवले होते. कॅमेरे सोनीचे, फुटेज ४के ५०पी, एक्सएव्हीसी एचएस, म्हणजे एचईव्हीसी १० बिट ४:२:२ (खूप दाबून साठवलेला, पण रंगांची जास्त माहिती असलेला व्हिडिओ). सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ. तीन कॅमेऱ्यांचे मल्टिकॅम (तिन्ही चित्रे एकाच वेळी समोर चालवणे) प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, न बनवता चालले पाहिजे, ही अट. नमुन्याची क्लिपही पाठवली होती. त्यावर आलेल्या कोटेशनमध्ये इंटेल कोअर आय७-१४७००, एनव्हीडियाचे आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबीच्या दोन रॅम असे स्वच्छ लिहिले आहे. हाती पडलेल्या संगणकात मात्र आय७-१४७००एफ निघाला. बिलावर 'एफ' छापलेला आहे, पण ते बिल खोक्यातून संगणकाबरोबरच आले. त्याआधी मला कोणी एका शब्दाने विचारले नाही.

आपले टेक्निशियन म्हणतात, "सर, दोन्ही एकच, २० कोअर आणि २८ थ्रेड." कोअरपुरते ते खरे आहे. पण 'एफ' प्रोसेसरमध्ये इंटेलचे स्वतःचे ग्राफिक्स चालू नसते, आणि व्हिडिओ डिकोड करणारे, म्हणजे दाबून साठवलेले चित्र उलगडणारे, क्विक सिंक त्याच ग्राफिक्सचा भाग आहे. एचईव्हीसी १० बिट ४:२:२ फुटेज हार्डवेअरवर (त्यासाठीच्या खास भागात, सीपीयूवर भार न टाकता) डिकोड करण्याची सोय इंटेलच्या ग्राफिक्समध्ये ११व्या पिढीपासून आहे. एनव्हीडियाच्या ४० मालिकेत ती नाही, मग कार्ड ४०६० असो वा ४०९०. त्यांच्याकडे ती २०२५ मध्ये ५० मालिकेबरोबर आली. म्हणजे कार्डात जी सोय मुळातच नव्हती, ती प्रोसेसरमधूनही गेली. ४०६० कार्ड मी मान्य केले ते प्रोसेसर १४७०० आहे म्हणूनच. त्या जोडीत डिकोडिंग प्रोसेसरच्या ग्राफिक्सने करायचे आणि कलर ग्रेडिंग (रंग सावरणे) कार्डाने, अशी कामाची वाटणी होती.

आता टास्क मॅनेजर उघडला की कार्डाचा 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख तळाला सपाट दिसतो आणि सीपीयूचे २८ चौकोन काठोकाठ भरलेले असतात. एकच कॅमेरा लावला तर निभते. तिन्ही अँगल उघडले की रिझॉल्व्हच्या व्ह्यूअरवरचा ठिपका लाल होतो आणि चित्र अडकत अडकत पुढे सरकते. मंगलाष्टकांच्या शेवटी अंतरपाट खाली येतो तो क्षण घ्या. एक कॅमेरा नवरीवर, एक नवऱ्यावर, तिसरा अक्षता टाकणाऱ्या पाहुण्यांवर. नवरी मान वर करते त्या नेमक्या फ्रेमला कट पडला पाहिजे. चित्र थांबलेले आणि ताशा पुढे गेलेला, अशा टाइमलाइनवर तो कट डोळ्याने घेताच येत नाही. अंदाजाने मारायचा, मागे जायचे, पुन्हा बघायचे. आयुष्यात एकदाच होणारा प्रसंग लोक विश्वासाने माझ्या हाती देतात. तो अंदाजाने कापणे मला पटत नाही.

आपल्या सपोर्टकडून आलेले सल्ले मी मनापासून तपासले. रॅम वाढवा म्हणाले. त्या वेळी निम्मी रॅमसुद्धा वापरात नव्हती. शिवाय याच निमित्ताने कॅबिनेट उघडले तेव्हा कळले की १६ च्या दोनऐवजी ३२ ची एकच रॅम बसवली आहे, त्यामुळे ड्युअल चॅनेलही, म्हणजे दोन रॅम एकत्र चालण्याचा वेग, मिळत नाही. हाही कोटेशनबाहेरचा बदल. प्रॉक्सी बनवा म्हणाले. प्रॉक्सी बनवतानाही मूळ फुटेज आधी डिकोड करावेच लागते, ते याच अडलेल्या वाटेने, आणि त्यात रात्र जाते. प्रॉक्सीशिवाय चालावे ही तर माझी पहिली अट होती.

तिसरा सल्ला मला सर्वांत जास्त लागला: कॅमेऱ्यातच ४:२:० करून टाका. ४:२:२ मध्ये रंगांची माहिती ४:२:० च्या दुप्पट असते. हळदीचा पिवळा, शालूचा लाल आणि मांडवातले जांभळे एलईडी दिवे एकाच चौकटीत आले की त्वचेचा रंग सावरताना हीच माहिती कामी येते. आणि जी लग्ने शूट होऊन हार्ड डिस्कवर पडली आहेत, त्यांची सेटिंग आता कशी बदलणार?

खात्री करण्यासाठी हीच टाइमलाइन मी एका मित्राच्या १२व्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर, माझ्याच रिझॉल्व्ह परवान्याने चालवून पाहिली. त्याची किंमत आपल्या संगणकाच्या निम्मीही नाही. तिन्ही अँगल न अडखळता चालले. दोन्ही स्क्रीनचे चित्रीकरण सोबत जोडले आहे. ते आपल्या तांत्रिक विभागातील जाणकार व्यक्तीने शेवटपर्यंत पाहावे, अशी विनंती आहे.

माल पोचला त्याच आठवड्यात मी पहिली तक्रार केली. उत्तर आले की सील उघडल्यावर माल परत घेत नाही. असेंबल केलेला संगणक सील न उघडता तपासायचा कसा? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(४७) नुसार वस्तू विशिष्ट मॉडेलची आहे असे खोटे भासवणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. आपले प्रतिनिधी फोनवर "तुमची खरेदी धंद्यासाठीची आहे, ग्राहक कायदा लागू नाही" असेही म्हणाले. त्यांनी कलम २(७) चे स्पष्टीकरण वाचावे. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. या संगणकावर मी एकटा बसतो.

माझी मागणी मोठी नाही. १४७००एफ काढून कोटेशनप्रमाणे आय७-१४७०० बसवावा. सॉकेट तोच असल्याने मदरबोर्ड बदलावा लागणार नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरमध्ये) प्रोसेसरच्या अंगचे ग्राफिक्स चालू करून द्यावे आणि बायोस अद्ययावत करावा, कारण १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरमधील व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने २०२४ मध्ये काढलेली दुरुस्ती त्यातूनच मिळते. १६ जीबीच्या दोन रॅम द्याव्यात. काम सांगलीत येऊन करावे, किंवा नेण्या-आणण्याचा खर्च आपण सोसावा. हे जमत नसेल तर संगणक परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. तुळशीच्या लग्नानंतर माझा हंगाम सुरू होतो, त्याआधी हे होणे मला अत्यंत गरजेचे आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही, हे मी पाहून ठेवले आहे.

सोबत: कोटेशन, बिल, व्हॉट्सअ‍ॅप संभाषणाची प्रत, दोन्ही चित्रीकरणे आणि तीच नमुना क्लिप.

आपला,
(सही)
व्हिडिओ एडिटर, सांगली