मुंबई-गोवा महामार्गावरच्या अनोळखी माणसांचे आभार

गणपतीला ठाण्याहून कणकवलीला निघालो, सोबत पाच वर्षांची लेक आणि दीड वर्षाचा धाकटा. माणगावच्या कोंडीत गाडी हलेना, भुकेल्या धाकट्यानं आकांत मांडला. शेजारच्या एसटीतल्या मावशींनी खिडकीतून थर्मास पुढे केला, "गरम पाणी आहे, दूध पावडर कालवा." पोलादपूरजवळच्या टपरीवाल्या काकांनी लेकीला मऊ भात शिजवून दिला, वर घाटात मळमळू नये म्हणून आवळासुपारी. पैसे घेतलेच नाहीत! आणि बंदोबस्तावरच्या पोलीस ताई, तुम्ही स्वतः पावसात भिजत होतात, तरी बाळाचे कपडे बदलेपर्यंत आमच्यावर छत्री धरलीत. सणाला तुम्हालाही घरी जायचं असणारच. तुमची नावं ठाऊक नाहीत, पण तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार. मुलं सुखरूप पोहोचली, आरतीत दोघांनी झांजा वाजवल्या.