ताई, तुझा कॅल्सी अजून माझ्याकडेच आहे

प्रिय ताई,

तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. आपल्या हॉस्टेलमधल्या कुणी ना कुणी वाचेल आणि तुला सांगेल, एवढी आशा आहे.

मागच्या महिन्यात साइटवर मीटिंग होती. एम-25 काँक्रीट, म्हणजे 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन ताकद हवी असलेलं, कुणाकडून घ्यायचं ते ठरवायचं होतं. दोन रेडीमिक्सवाल्यांचे 28 दिवसांचे क्यूब रिझल्ट (काँक्रीटचे ठोकळे दाबून मोजलेली ताकद) समोर होते, दोघांचे तीस-तीस नमुने. पहिल्याची सरासरी 29 न्यूटन, दुसऱ्याची 28.5. पहिल्याचा दरही कमी. "दोघंही पंचवीसच्या वर आहेत, पहिला जास्तच वर आहे, मग अडलंय कुठं?" असं म्हणून सगळे उठायच्या बेतात होते. मी तुझा कॅल्सी, म्हणजे कॅल्क्युलेटर काढला. पहिल्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप, 5 आलं, दुसऱ्याचं 2.

पुढचं तू शिकवलेलंच. पहिल्याच्या बाबतीत पंचवीस ही रेघ सरासरीच्या 4 खाली, म्हणजे 0.8 डेव्हिएशन खाली. नॉर्मल वक्राच्या टेबलात पाहिलं की कळतं, साधारण 21 टक्के माल त्या रेघेच्या खाली जाणार. पाचांतला एक! दुसऱ्याची सरासरी कमी असूनही रेघ 1.75 डेव्हिएशन खाली आहे, म्हणून खाली जाणारा माल फक्त 4 टक्के. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाची मर्यादा 5 टक्क्यांची. मिक्स डिझाइनमधला तो 1.65 हा आकडाही तिथूनच आलाय. पहिल्याला नियमात बसायचं तर सरासरी 25 अधिक 1.65 गुणिले 5, म्हणजे 33.25 पर्यंत न्यावी लागेल. त्याला सिमेंट लागतं आणि सिमेंटला पैसे लागतात, म्हणजे त्याचा स्वस्त दर टिकत नाही. दुसऱ्याला 28.3 पुरते, आणि तेवढी त्याच्याकडे आधीच आहे.

ऑर्डर दुसऱ्याला गेली. साहेबांनी विचारलं, "कुठल्या कॉलेजात शिकलीस हे?" मी म्हटलं, मेसमध्ये.

खरंच मेसमध्ये गं. एम-थ्रीची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताची, केटी लागली होती, पेपर राहिला होता. रात्रभर सूत्रं घोकून मी डोळे सुजवून जेवायला आले होते. तू वहीला हातही लावला नाहीस. मेसमधल्या दोन काकूंच्या चार-चार चपात्या मागून घेतल्यास आणि ड्रॉइंगची पट्टी काढून त्या मोजायला लागलीस. शेजारच्या टेबलावरच्या पोरी फिदीफिदी हसत होत्या. थोरल्या काकूंच्या 16, 17, 16, 17 सेंटिमीटर. नव्या काकूंच्या 13, 20, 15, 18. दोघींचीही सरासरी साडेसोळा. "आता सांग," तू म्हणालीस, "दोघी सारख्याच का?"

मी म्हटलं, प्रत्येक चपाती सरासरीपासून किती लांब आहे ते काढू आणि बेरीज करू. केली, तर शून्य. दुसरीचीही शून्य. तू मुद्दाम गप्प बसलीस. अधिक आणि उणे एकमेकांना खातात हे मला माझं मला कळेपर्यंत तू अख्खी वाटी आमटी संपवलीस. मग वर्ग केले : थोरल्या काकूंचे मिळून 1, नव्या काकूंचे 29. आता भागायचं कशानं? मी म्हटलं चारानं, चार चपात्या आहेत ना. तेव्हा तू जे सांगितलंस ते त्याआधी मला कुणीच सांगितलं नव्हतं. सरासरी साडेसोळा आहे हे आधीच ठाऊक असेल, तर तीन चपात्या सांगितल्या की चौथी आपोआप ठरते, तिला स्वतःचं मत उरत नाही. ज्या चपात्या मोजल्या त्यांच्यातूनच सरासरी काढली ना, त्याची ही किंमत. म्हणून तीन. वर्गमूळ काढलं तर एकीचं 0.58, दुसरीचं 3.1.

या तीनालाच डिग्री ऑफ फ्रीडम म्हणतात. हा शब्द तोवर मला परीक्षेतला एक गुण वाटायचा.

बाकीच्या युनिटांचं फार लिहीत नाही. बेजच्या प्रमेयाची (नवी माहिती आली की शक्यता कशी बदलते ते सांगणाऱ्या) गणितं मी अजूनही कागदावर झाड काढल्याशिवाय सोडवत नाही, हे तुला कळलं तर ओरडशील. "म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह (एकाच वेळी घडू न शकणाऱ्या घटना) म्हणजेच इंडिपेंडंट (स्वतंत्र)" असं मी छातीठोक म्हणाले होते, तेव्हा तू कपाळाला हात लावला होतास. नळ वाहतोय म्हटलं की तो कोरडा नाही हे न बघताच कळतं. एकाची बातमी दुसऱ्याबद्दल एवढं सांगत असेल, तर ते स्वतंत्र कसले? आता साइटवर येणाऱ्या ट्रेनी पोरांना मी हाच नळ दाखवते. दर वर्षी निम्मी तरी तिथंच घसरतात.

कोसंब्यांची गोष्टही तुझ्याचकडून ऐकली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी हजारो जुनी नाणी तराजूत घालत बसायचे. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं, म्हणून सरासरी वजन उतरतं. पण सगळी सारखी झिजत नाहीत, म्हणून वजनांतला फरक वाढत जातो. एवढ्यावरून कोणती नाणी जास्त काळ चलनात होती त्याचा अंदाज करायचा. तुझ्या पर्समधली चिल्लर ओतून तू ते समजावलं होतंस. त्यातली एक रुपयाची तीन नाणी मी चहाला उडवली, तेही आज कबूल करते.

आणि सांगलीचं. 2019 ला आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे ते विचारत सगळे रात्र जागत होते. आजोबा म्हणाले, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर आहे, आता आपल्या हयातीत नाही. तुझं वाक्य आठवलं : तसा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता, आणि पावसाळा मागचा हिशोब ठेवत नाही. घर तीस वर्षं टिकवायचं तर तेवढ्यात एकदा तरी तो येण्याची शक्यता 26 टक्के निघते, शंभर वर्षांत 63. आजोबांना नाही सांगितलं. 2021 ला पुन्हा पाणी चढलं. 2005 धरून सतरा वर्षांत मोठे तीन. प्रत्येक वेळी लोक "शंभर वर्षांतून एकदा"च म्हणाले. हे तिन्ही पूर खरंच तसे असते, तर सतरा वर्षांत तीन किंवा जास्त येण्याची शक्यता दहा हजारांत सहा. एवढा योगायोग मानण्यापेक्षा तो "शंभर"च चुकलाय असं मानणं मला सोपं वाटतं. तुझं काय मत, ते ऐकायचं आहे.

केटी सुटली तेव्हा तुझे धड आभारही मानले नाहीत. तू त्याच आठवड्यात हॉस्टेल सोडलंस आणि मी बहुतेक झोपले होते.

कॅल्सीचं शिफ्टचं बटण आता दोनदा दाबावं लागतं. एस-व्हार या मेनूनंतर 2 नाही, 3 दाबायचं (तेच एकानं कमी करून भागतं, चपात्यांच्या तीनासारखं), हे मला कळावं म्हणून तू तीनच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होतास. तो दोनदा उडाला. पहिल्यांदा लालच सापडलं, या वेळी माझ्याकडे फक्त जांभळं होतं. पत्ता कळव, कुरिअर करते. नाहीतर सांगलीला ये आणि घेऊन जा.

तुझी,
रूम नंबर बारामधली